अनोळखी पत्राचं प्रामाण्य

कोणी काही सांगितलं तर ते खरं धरून चालावं आणि खोटं ठरेल तेव्हा सोडून द्यावं, की आधी पारखून घ्यावं आणि मगच खरं म्हणावं? पहिली बाजू मीमांसकांची, दुसरी नैयायिकांची. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांपासून चौदाव्या शतकातल्या मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांपर्यंत हा वाद चालला आणि त्यांच्यानंतरही थांबला नाही. सांगलीच्या कॉलेजात मी तो बरीच वर्षं शिकवला. स्वतःप्रामाण्य आणि परतःप्रामाण्य ही या दोन बाजूंची नावं फळ्यावर लिहिली की मागच्या बाकांवरून हमखास प्रश्न यायचा, "मॅडम, याचा आज उपयोग काय?" मी तेव्हा कोर्टातल्या साक्षीचं उदाहरण द्यायचे. आज शिकवत असते तर ईमेलचं दिलं असतं. गेल्या चाळीस वर्षांत ईमेलची सगळी व्यवस्था मीमांसकांच्या बाजूकडून नैयायिकांच्या बाजूला आली आहे. येताना तिने नैयायिकांचा संशय तेवढा उचलला. त्या संशयाला त्यांनी घातलेल्या अटी मात्र मागेच राहिल्या. माझं म्हणणं या अटींबद्दल आहे.

आम्ही काही निवृत्त मंडळी न्यायशास्त्राचं एक छोटं अभ्यासमंडळ चालवतो. दर महिन्याला एक प्रकरण वाचायचं, त्यावर टिपण काढायचं, आणि ते सांगली-मिरजेपासून वाई, पणजी, न्यू जर्सी, मेलबर्नपर्यंत पसरलेल्या वाचकांना ईमेलने पाठवायचं. पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. गेल्या पावसाळ्यात गोव्यातल्या एका पाठशाळेत शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांनी आम्हाला पत्र लिहिलं. त्यांच्याकडे प्रामाण्यवादावरच्या एका टीकेची जुनी पानं आली होती आणि एका वाक्याचा अन्वय त्यांना लागत नव्हता. पानांचे फोटो त्यांनी झिप फाइल करून जोडले होते, शिवाय मोठ्या फोटोंची लिंक दिली होती. हे पत्र माझ्या स्पॅममध्ये जाऊन पडलं. जीमेल स्पॅममधली पत्रं तीस दिवसांनी कायमची काढून टाकतं. त्याआधी ते माझ्या नजरेला पडलं ते केवळ मी दुसरंच काही शोधत होते म्हणून. वर लॉटरीचं बक्षीस, खाली गुडघेदुखीवरचं तेल, आणि मधे 'सादर प्रणाम' असं म्हणून सुरू झालेलं, अतिशय नेमक्या मराठीतलं ते पत्र.

माझा भाचा पुण्यात एका होस्टिंग कंपनीत काम करतो. त्याला फोन लावला. त्याने मला पत्राच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'मूळ संदेश दाखवा' उघडायला सांगितलं. पत्राच्या वर एरवी न दिसणारा, ओळीमागून ओळी असा मोठा मजकूर निघाला. तो खालून वर वाचायचा असतो, कारण पत्र ज्या ज्या सर्व्हरवरून येतं तो तो आपली नोंद सगळ्यात वर चिकटवत जातो. त्यात एका ठिकाणी एसपीएफपुढे 'सॉफ्टफेल' होतं आणि डीकेआयएमपुढे 'नन'.

एसपीएफ म्हणजे डोमेनच्या मालकाने जाहीर लावून ठेवलेली यादी: माझ्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार अमुक सर्व्हरना आहे, इतरांना नाही. पाठशाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने ती यादी केली होती. पुढे होस्टिंगवाल्यांनी पत्रं बाहेर पाठवणारा सर्व्हर बदलला, आणि यादीत जुनाच राहिला. डीकेआयएम म्हणजे पत्रावर उमटवलेली डिजिटल सही, जी पाठवणाऱ्याच्या डोमेनवरच्या किल्लीने तपासता येते. ती केलेलीच नव्हती. डोमेन नवं, नुकतंच घेतलेलं. स्वस्तातलं होस्टिंग असल्यामुळे एकाच आयपी पत्त्यावर इतर असंख्य संकेतस्थळं नांदत होती. त्यातलं एखादं कोणीतरी फोडलं होतं आणि तिथून फसवणुकीची पत्रं सुटली होती, त्यामुळे तो पत्ता एका काळ्या यादीत गेलेला. त्यात भर म्हणून झिप फाइल आणि लिंक.

"मावशी, पत्रात काही खोट नाही," भाचा म्हणाला. "पण फिल्टरने ते वाचायच्या आधीच अर्धा निकाल लागलेला होता."

"मग शास्त्रीबुवांचं चुकलं काय?"

"त्यांना कोणी ओळखत नाही, एवढंच."

भाच्याने गंगेशांचा तत्त्वचिंतामणी वाचलेला नाही, पण त्याने त्यांचा मुख्य युक्तिवाद एका वाक्यात सांगितला. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की त्याचं खरेपण त्याच्याबरोबरच कळतं. नंतरच्या ज्ञानाने ते बाधित झालं, किंवा ते ज्या साधनातून आलं त्यात दोष आढळला, तरच ते सोडायचं. गंगेश विचारतात, असं असेल तर अपरिचित ठिकाणी आपल्याला शंका का येते? ज्या वाटेवर नेहमीचं जाणंयेणं आहे तिथे लांबून पाणी दिसलं तर आपण तांब्या घेऊन निघतो. नव्या मुलखात तेच पाणी दिसलं तर मृगजळ असेल की काय, असं वाटतं. या अनोळखी स्थितीला ते अनभ्यासदशा म्हणतात. शंका येते म्हणजे खरेपण ज्ञानाबरोबर आपोआप कळत नाही, ते बाहेरून सिद्ध करावं लागतं. मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो, आणि ईमेलच्या इतिहासाने त्याच्या बाजूने जो पुरावा दिला त्याला तोड नाही.

ऑगस्ट 1982 मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल पाठवण्याचे नियम लिहिले. एसएमटीपी या नावाने ते आजही चालतात. एक सर्व्हर दुसऱ्याला हाक मारतो, आपलं नाव सांगतो, पत्र कोणाकडून आणि कोणासाठी ते सांगतो, आणि समोरचा '250' हा आकडा उच्चारून होकार देतो. 'कोणाकडून' या जागी जे लिहिलं असेल ते खरं धरायचं. ते तपासण्याची सोयच त्या नियमांत नव्हती. ही शुद्ध स्वतःप्रामाण्याची व्यवस्था होती, आणि ती बेसावधपणामुळे तशी नव्हती. जाळ्यावरची माणसं विद्यापीठांतली, प्रयोगशाळांतली, बहुतेक एकमेकांच्या ओळखीची. सगळीकडे अभ्यासदशाच होती.

तडा मात्र त्याआधीच गेला होता. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विपणन व्यवस्थापक गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या काहीशे लोकांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाची जाहिरात एकगठ्ठा पाठवली. लोक चिडले, तंबी मिळाली, प्रकरण मिटलं. पुढे जाळं सगळ्या जगाचं झालं आणि एक पत्र पाठवायला लागतो तेवढाच खर्च लाख पत्रांना लागू लागला. जगातल्या ईमेलपैकी जवळजवळ निम्मा भाग स्पॅम असतो, असं सुरक्षा कंपन्यांचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. वीजबिल थकलंय, केवायसी अपुरं आहे, पार्सल अडकलंय अशा पत्रांनी निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी गेल्याची उदाहरणं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. ज्यांनी कोणी फिल्टर बांधले त्यांनी अशा असंख्य माणसांना वाचवलं. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. संशय घेऊच नका, असं मी म्हणत नाही. ते म्हणणं नैयायिकाला शोभणारही नाही. आणि कुमारिलांच्या बाजूनेही सांगायला हवं की, वक्ता माणूस असेल तर त्याच्या शब्दात दोष शिरू शकतो हे मीमांसकांनाही मान्यच होतं. वेदाला कर्ता नाही म्हणून त्यात दोष नाही, असं ते म्हणत, ते याच कारणाने.

प्रश्न एवढाच, की संशय आल्यावर पुढे काय करायचं?

सुरुवातीच्या एका उत्तराबद्दल मला विशेष आदर आहे. ऑगस्ट 2002 मध्ये पॉल ग्रॅहॅम या अमेरिकी प्रोग्रॅमरने स्पॅम ओळखण्याची एक रीत मांडली. आपल्याला आलेल्या चांगल्या पत्रांचा एक ढीग, स्पॅमचा दुसरा. प्रत्येक शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचं. नवं पत्र आलं की त्यातले सगळ्यात बोलके पंधरा शब्द निवडून, त्यांवरून पत्र स्पॅम असण्याची शक्यता काढायची. ती 0.9 च्या वर गेली तरच अडवायचं. मला महत्त्वाचे वाटतात ते यातले दोन बारकावे. चांगल्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी त्याने मुद्दाम दुप्पट धरली, कारण एखादं स्पॅम आत आलं तर त्रासच होतो, पण खरं पत्र अडकलं तर माणूस तुटतो. आणि जो शब्द आधी कधीच आला नाही त्याला त्याने 0.4 दिले. अर्ध्याहून थोडे कमी. म्हणजे अनोळखी शब्दाच्या बाबतीत तराजू किंचितसा निर्दोषत्वाकडे झुकवून ठेवला. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे आपण कायद्याबद्दल ऐकत आलो. इथे ते गणितात उतरलं होतं.

या गणिताचा उगम धर्माच्या वादाशी जाऊन भिडतो, हे फारसं सांगितलं जात नाही. ज्यांच्या सूत्रावर ते उभं आहे ते थॉमस बेज हे इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सचे धर्मोपदेशक. 1761 मध्ये ते वारले. त्यांचा संभाव्यतेवरचा निबंध 1763 मध्ये प्रसिद्ध झाला तो रिचर्ड प्राइस या दुसऱ्या धर्मोपदेशकामुळे. डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये लिहून ठेवलं होतं की, चमत्काराची साक्ष कोणीही दिली तरी ती मानू नये, कारण निसर्गनियम मोडण्यापेक्षा साक्षीदार चुकण्याचा किंवा खोटं बोलण्याचा संभव नेहमीच जास्त. प्राइसने 1767 मध्ये त्याला उत्तर दिलं आणि त्यात बेजच्या विचाराचा आधार घेतला. लॉटरीत अमुक एक क्रमांक निघाला, असं वर्तमानपत्रात आलं. तोच क्रमांक निघण्याची शक्यता अत्यल्प होती. तरी एका साध्या बातमीवर आपण विश्वास ठेवतो, आणि ठेवतो ते बरोबरच असतं. गोष्ट विरळा आहे एवढ्यावरून तिची साक्ष खोटी ठरत नाही. चमत्कारांच्या बाबतीत मी ह्यूमच्या बाजूची आहे. पण साक्षीच्या बाबतीत प्राइसचा मुद्दा मला सोडवत नाही. पोथीच्या पानांचे फोटो जोडून अन्वय विचारणारं पत्र माझ्या पेटीत क्वचितच येतं. क्वचित येतं, म्हणूनच तर ते मोलाचं.

ग्रॅहॅमच्या रीतीत ढीग वाचणाऱ्याचे स्वतःचे होते. माझ्या पत्रांवरून माझा फिल्टर शिकणार. त्याला 'प्रामाण्य', 'अन्वय', 'पोथी' हे शब्द माझ्या चांगल्या पत्रांत भेटले असते आणि शास्त्रीबुवांचं पत्र सरळ आत आलं असतं. पुढे हे मागे पडलं. स्पॅम पाठवणारे शब्दांशी खेळू लागले, मजकूर चित्रात लपवू लागले. मग पत्रातल्या शब्दांऐवजी पाठवणाऱ्याच्या लौकिकाकडे लक्ष वळलं. या पत्त्यावरून आजवर किती पत्रं आली, किती जणांनी उघडली, किती जणांनी 'स्पॅम' म्हणून कळवलं. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी नियम आणखी कडक केले. जीमेलच्या खात्यांना दिवसाला 5,000 च्या वर पत्रं पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्यांत पत्र नापास झालं तर काय करायचं, ही डोमेनच्या मालकाची सूचना) तिन्ही हवेत, तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली हवं. लहान पाठवणाऱ्यालाही निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक हवंच. यात अन्याय्य असं काही नाही. नाव विचारणं हा अन्याय नव्हे.

अडचण लौकिकाची आहे. लौकिक मिळायला पत्रं पोचावी लागतात, उघडली जावी लागतात, त्यांना उत्तरं यावी लागतात. पत्र पोचायला लौकिक लागतो. हे पहिल्याने दुसऱ्यावर आणि दुसऱ्याने पहिल्यावर टेकणं म्हणजे अन्योन्याश्रय, आणि कुठल्याही नैयायिकापुढे असा युक्तिवाद आला तर तो तिथेच थांबवतो. मोठ्या कंपन्यांना हे जाणवत नाही. त्या पैसे मोजून, आधीच नावाजलेल्या सर्व्हरवरून पत्रं पाठवतात, किंवा नवा पत्ता घेतला तर रोज थोडी थोडी वाढवत त्याची ओळख तयार करतात. महिन्याला चार पत्रं लिहिणाऱ्या पाठशाळेला ही ओळख कधी तयार होणार? तिची अनभ्यासदशा संपायचा मार्गच उरत नाही. शंका हा जो ज्ञानाचा पहिला टप्पा, तो तिच्या वाट्याला कायमचा मुक्काम म्हणून येतो.

आणि एसपीएफ-डीकेआयएम तपासून शेवटी काय कळतं? पत्र खरंच त्या डोमेनवरून आलं, इतकंच. ठगही डोमेन विकत घेतो, एसपीएफ लावतो, डीकेआयएमची सही करतो, आणि त्याचं पत्र तपासणीतून स्वच्छ पार पडतं. न्यायसूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायनांनी आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं असा माणूस, कोणाला म्हणावं ते सांगितलं आहे: ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याला इच्छा आहे. यात त्याचं गाव, कुळ, प्रतिष्ठा काहीही नाही. उलट वात्स्यायन स्पष्टच म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या समाजात हे लिहायला काय धैर्य लागलं असेल! वर्गात हे वाक्य आलं की मी नेहमी थांबायचे. म्लेच्छ म्हणजे ज्याचं मूळ माहीत नाही, ज्याची भाषा आपली नाही, ज्याचा आपल्या यादीत उल्लेख नाही. त्याच्याही शब्दाला प्रामाण्य असू शकतं, आणि ते ठरवायचं त्याच्या जाणण्यावरून आणि सांगण्याच्या इच्छेवरून.

नैयायिकांच्या सोळा पदार्थांत संशयाला स्वतंत्र जागा आहे, ती चौकशी सुरू व्हावी म्हणून. संशयाकडून निर्णयाकडे जायचं, आणि जाताना दोन्ही बाजू ऐकायच्या. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी तर शंकेलाही सीमा घालून दिली: जिथे शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्याच व्यवहाराला ती छेद देऊ लागते तिथे ती थांबली पाहिजे. आणि खात्री नसेल तर पाऊलच टाकायचं नाही, असंही न्यायमत नाही. शेतकरी पेरतो तेव्हा पाऊस पडेल याची खात्री त्याला नसते. पेरून पाहिल्यावरच ती मिळते.

या सुराच्या जवळ जाणारा एक उपाय ईमेलच्याच जगात सापडला होता. 2003 मध्ये इव्हान हॅरिस यांनी मांडलेली ग्रेलिस्टिंग नावाची पद्धत. अनोळखी सर्व्हरचं पत्र आलं की त्याला फेकून द्यायचं नाही आणि लगेच घ्यायचंही नाही. 'आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने पुन्हा या,' एवढं सांगायचं. नियम पाळणारा सर्व्हर पुन्हा येतो. लाखो पत्रं भराभर सोडणारे त्या काळचे स्पॅमचे प्रोग्रॅम सहसा पुन्हा येत नसत. इथे शंका होती, परीक्षा होती, आणि ती परीक्षा कोणीही नवखा प्रामाणिक माणूस पास होऊ शकेल अशी होती. ठग नंतर हेही शिकले, म्हणून आज तेवढ्यावर भागत नाही. पण दिशा ती होती.

छांदोग्य उपनिषदातली सत्यकामाची कथा आपल्याला शाळेपासून माहीत असते. हारिद्रुमत गौतम त्याला गोत्र विचारतात. तो म्हणतो, मला माहीत नाही. आईला विचारलं, तिलाही सांगता आलं नाही. माझं नाव सत्यकाम, आईचं जबाला. गौतम त्याला जवळ करतात. गुरूने गोत्र विचारलं, ही पडताळणीच. ती फसल्यावर त्यांनी मुलाला परत धाडलं नाही, त्याचं बोलणं ऐकलं, आणि त्या बोलण्यातच त्यांना पुरावा मिळाला.

कथा इथे थांबवली जाते, मला ती पुढे न्यायची आहे. गौतमांच्या तोंडी असं आहे की, ब्राह्मणाशिवाय कोणी इतकं सरळ बोलू शकणार नाही. म्हणजे जन्माची कसोटी सुटलेली नाही, ती मागच्या दाराने पुन्हा आत आली. आणि ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात शूद्राला वेदविद्येचा अधिकार आहे की नाही याची चर्चा आहे, तिथे हीच कथा अधिकार नाकारायच्या बाजूने वापरली आहे: मुलगा शूद्र नाही असं ठरल्यावरच गौतमांनी उपनयन केलं, असा तिथला निष्कर्ष. एका गुरूने अनोळखी मुलाचं ऐकून घेतलं, आणि पुढच्यांनी त्या ऐकून घेण्यातूनच दार बंद करण्याचा नियम काढला. माझ्या परंपरेवर माझं प्रेम आहे म्हणून हे मला जास्त लागतं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकूनच घेतलं गेलं नाही त्यांचं दुःख आणि अडकलेलं एक ईमेल यांची बरोबरी मी करणार नाही. पण विचार कुठे घसरतो ती जागा एकच आहे. शब्द पारखायचा तो बाजूला राहतो आणि शब्द आला कुठून एवढ्यावर निकाल लागतो.

फिल्टरच्या बाबतीत मला सगळ्यात गंभीर वाटते ती त्याची मुकेपणाने नाकारण्याची सवय. शास्त्रीबुवांना कधीच कळलं नाही की पत्र स्पॅममध्ये गेलं. त्यांच्याकडे ते 'पाठवलं' असंच दिसत होतं. त्यांनी काय मानलं असेल? सांगलीच्या मंडळाने उत्तर द्यायचं टाळलं. मी त्यांना फोन केला तेव्हा ते अगदी संकोचाने म्हणाले, "आपल्याला वेळ नसेल असं वाटलं. पुन्हा त्रास देणं बरं दिसलं नसतं." यंत्राने केलेल्या नकाराला माणसाचा चेहरा चिकटला होता, तोही माझा. काही सर्व्हर तर याहून पुढे जातात. पत्र घेतल्याचा होकार देतात आणि ते स्पॅममध्येही न टाकता नाहीसं करतात.

हे नियमांना धरून नाही, आणि ते नियम लिहिणाऱ्यांना याची पूर्ण जाण होती. ऑक्टोबर 2008 मध्ये जॉन क्लेन्सिन यांच्या संपादनाखाली एसएमटीपीचे सुधारित नियम आले. त्यांत म्हटलं आहे की, ज्या क्षणी सर्व्हर '250' म्हणून होकार देतो त्या क्षणी ते पत्र पोचवण्याची, किंवा पोचलं नाही तर तसं कळवण्याची जबाबदारी त्याची होते. गुपचूप टाकून देण्याचा विचार करायचा तो पत्र घातक फसवणुकीचं किंवा अन्य प्रकारे अनुचित आहे याबद्दल जवळजवळ खात्री असेल तेव्हाच. एका तांत्रिक कागदात मला धर्मविचार सापडेल असं वाटलं नव्हतं. पण स्वीकारलेल्याचं उत्तरदायित्व हा धर्मविचारच आहे. नाकारायचं असेल तर दारातच, पत्र हातात घेण्याआधी आणि कारण सांगून नाकारा. म्हणजे ज्याचं पत्र आहे त्याला ते कळेल, तो चूक दुरुस्त करील, दुसऱ्या वाटेने येईल, निदान फोन उचलून विचारील. ठगाचा पत्ताच खोटा असेल तर त्याला उत्तर पाठवू नका, हे मलाही पटतं. नाही तर ज्या बिचाऱ्याच्या नावाने त्याने पत्र धाडलं त्याच्यावर परतीच्या पत्रांचा मारा होतो. दारातच दिलेल्या नकारात तो धोका जवळजवळ नाही.

म्हणून माझी विनंती आहे, तिघांना.

ज्यांच्या हाती संस्थांचे सर्व्हर आहेत, विद्यापीठांचे, बँकांचे, सरकारी कचेऱ्यांचे, त्यांनी मुकेपणाने टाकून देणं बंद करावं. वाचनालयं, पाठशाळा, भजनी मंडळं, ग्रामीण शाळा चालवणाऱ्यांनी आपल्या डोमेनची एसपीएफची यादी आणि डीकेआयएमची सही होस्टिंगवाल्याकडून एकदा तपासून घ्यावी, आणि त्याने सर्व्हर बदलला की पुन्हा तपासावी. आपलं नाव नीट सांगणं हे आपलंही कर्तव्य आहे.

आणि वाचकहो, तुम्ही. आठवड्यातून एकदा स्पॅम उघडून वरून खाली नजर फिरवा. लिंका उघडू नका, जोडलेल्या फाइली उतरवू नका, फक्त नावं आणि विषय वाचा. कुणा माणसाचं पत्र दिसलं तर 'स्पॅम नाही' दाबा, आणि तेवढ्यावर न थांबता त्याला दोन ओळींचं उत्तर लिहा. उत्तर गेलेला पत्ता फिल्टर सहसा ओळखीचा धरतो. तो अन्योन्याश्रय तुमच्या दोन ओळींनी तुटतो. तीस दिवसांची मुदत आहे. आज पाहा.